बक्षीस सगळ्यात शेवटी ठरवा: लोकसहभागाच्या कामात पैसा आणि मान यांची जुळणी कशी करायची

जुन्या अंकांचं मुद्रितशोधन असो, बोलीतले शब्द गोळा करणं असो की तालुक्यातल्या विहिरींची नोंद, लोकांना हाताशी धरून काम उभं करणाऱ्या मंडळींचा फोन साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो. प्रश्न ठरलेला असतो. "पहिल्या रविवारी दीडशे जण आले होते, आता अकरा उरलेत. बक्षीस वाढवू का?" मी विचारतो, "बक्षीस कधी ठरवलं होतंत?" उत्तरही ठरलेलंच: "सगळ्यात आधी." पोस्टरवर छापायला आकडा हवा होता ना!

घोळ तिथेच होतो. काम किती वेळाचं, बरोबर-चूक कोण ठरवणार, येणारी माणसं कशासाठी येणार, हे माहीत नसताना ठरवलेला मोबदला एकतर अपुरा पडतो, नाहीतर नको त्या माणसांना बोलावतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. तुमचं पोस्टर सहाव्या टप्प्यानंतर छापायचं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. एका वाचनालयाकडे जुन्या मासिकांची 3,000 पानं स्कॅन करून ठेवलेली आहेत. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्यांचा मजकूर काढलाय, पण तो चुकांनी भरलेला आहे. लोकांकडून तो तपासून, दुरुस्त करून घ्यायचाय. तुमचं काम वेगळं असेल तर "पान" या शब्दाच्या जागी तुमचं एकक ठेवा: एक वाक्य, एक फोटो, एक विहीर.

## टप्पा 1: कामाचा तुकडा पाडा आणि घड्याळ लावून स्वतः करा

एका बैठकीत सुरू होऊन संपेल एवढाच तुकडा असावा. मोबाइलवर काम होणार असेल तर पाच ते दहा मिनिटांपेक्षा मोठा नको. दोन स्तंभांचं, बारीक टायपातलं मासिकाचं पान त्यापेक्षा जास्त वेळ घेतं; ते स्तंभानुसार तोडा.

मग स्वतः वीस तुकडे करा आणि प्रत्येकाचा वेळ लिहून ठेवा. त्यानंतर ज्याला या कामाची अजिबात माहिती नाही अशा तिघांना तेच तुकडे द्या. हिशेबाला तुमचा वेळ धरायचा नाही, त्यांचा धरायचा. तुम्ही महिनाभर त्या पानांत बुडालेले असता. तुमचा वेग कोणाच्याच कामाचा नाही.

सूचना एका पानात बसवा आणि प्रत्येक सूचनेशेजारी चूक नमुना व बरोबर नमुना, दोन्ही दाखवा. आमच्या उदाहरणातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे जुनं शुद्धलेखन. 1962 च्या नियमांआधी छापलेल्या मजकुरात "नाहीं", "कांहीं", "तें" असे अनुस्वार जागोजागी असतात. ज्याला मराठीची खरी कळकळ आहे असा माणूस ते सगळे प्रेमाने काढून टाकतो. जितका हौशी माणूस, तितकं जास्त "सुधारून" देतो. म्हणून पहिली ओळ हीच हवी: जसं छापलंय तसंच ठेवायचं, चूक वाटली तरी.

थांबा, तपासा: त्या तिघांची पाच पानं शेजारी ठेवा. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी केल्या असतील तर माणसं बदलू नका, सूचना बदला. ही अवस्था असताना पैसे वाढवले तर चुकीचं काम जास्त वेगाने होईल, एवढंच.

## टप्पा 2: काम बरोबर झालं हे कसं कळणार, ते ठरवा

हा टप्पा बहुतेक जण टाळतात. कोणावर अविश्वास दाखवायला नको वाटतो. पण तपासणी नसलेल्या कामावर मोबदला लावला की पाट्या टाकणारे येतात आणि नीट काम करणाऱ्याला शेजारचा पाट्या टाकून पुढे गेलेला दिसतो. जातो तो आधी नीट काम करणारा.

2020 चं हॅक्टोबरफेस्ट या बाबतीत बघण्यासारखं आहे. ऑक्टोबरभरात मुक्त स्रोताच्या, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअर प्रकल्पांत चार बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना वर्षानुवर्षं चाललेली. त्या वर्षी टी-शर्टसाठी हजारो लोकांनी निरर्थक बदल पाठवले. कुठे एक शब्द घुसडला, कुठे एखादं विशेषण चिकटवलं. प्रकल्प सांभाळणारी मंडळी, जी स्वतःही बहुतेक फुकटच राबत होती, कचरा उपसून थकली. महिना सुरू होऊन काही दिवस होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने आपणहून होकार दिलाय तिथलेच बदल धरायचे. टी-शर्ट ही काही मोठी लालूच नव्हे. पण मोजणी संख्येची होती आणि तपासायचं ओझं भलत्याच्या डोक्यावर होतं.

तपासणीच्या तीन पद्धती घरगुती प्रकल्पाला पुरतात.

पहिली, दुसरा माणूस. विकिस्रोतात, म्हणजे विकिपीडियाच्या जुन्या पुस्तकांसाठीच्या भावंड प्रकल्पात, पान एकाने तपासलं की पिवळं होतं आणि दुसऱ्या कोणी पुन्हा पाहिलं की हिरवं. पहिल्याला स्वतःचं पान हिरवं करता येत नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करण्याच्या प्रकल्पात, जिथे मराठीतही वाक्यं वाचून आवाज देता येतो, इतरांचे दोन होकार मिळाले की ध्वनिफीत ग्राह्य धरतात.

दुसरी, उत्तर माहीत असलेली पानं. तुम्ही स्वतः अचूक करून ठेवलेली पानं दर दहा-पंधरांमागे एक या हिशेबाने मिसळा. अशी पानं मिसळलेली आहेत हे लोकांना आधीच सांगा. कुठली ते सांगू नका. लपवून केलं आणि नंतर कळलं तर लोकांना सापळा लावल्यासारखं वाटतं.

तिसरी, जिथे एकच बरोबर उत्तर नसतं तिथे तेच काम तिघांना देऊन जुळणी पाहणं. यातली एक चांगली युक्ती 2011 मध्ये शॉ, हॉर्टन आणि चेन या संशोधकांच्या प्रयोगात दिसली. त्यांनी उत्तेजनाचे चौदा प्रकार करून पाहिले. "बाकीचे लोक काय उत्तर देतील असं तुम्हाला वाटतं?" असं विचारून मोबदला त्या अंदाजाशी जोडला, तेव्हा कामाची अचूकता सगळ्यात चांगली वाढली. नुसता कौतुकाचा शब्द किंवा नुसता बोनस तिथे फारसा चालला नाही. "हा शब्द तुमच्या गावात कसा म्हणतात" अशा कामाला ही पद्धत छान लागू पडते.

इशारा: तपासणाऱ्याचं कामही काम आहे. लिहिणाऱ्याला मोबदला आणि तपासणाऱ्याला "धन्यवाद" अशी वाटणी केलीत तर दुसऱ्या महिन्यात न तपासलेल्या पानांचा ढीग तुमच्याच टेबलावर येईल.

## टप्पा 3: येणारी माणसं कोण, ते विचारून घ्या

अंदाज बांधू नका, विचारा. नोंदणीच्या अर्जात एकच मोकळा प्रश्न ठेवा: "हे काम तुम्हाला का करावंसं वाटतं?" पर्याय देऊ नका, पर्याय दिले की लोक सगळ्यात भारदस्त पर्यायावर खूण करतात.

निवृत्त शिक्षिका लिहितील की हे मासिक आमच्या घरी येत असे. महाविद्यालयातला मुलगा प्रमाणपत्र मागेल. घरी बसून चार पैसे मिळावेत म्हणून कोणी येईल आणि ते लिहायला लाजेल. "फावल्या वेळात काही उपयोगी काम" असं लिहील. न्यू जर्सीतल्या कोणाला मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून सहभाग हवा असेल. या चौघांना एकच बक्षीस लावणं म्हणजे लग्नात सगळ्यांना एकाच मापाचा आहेर शिवून आणणं.

शंभर अर्ज वाचले की चित्र स्पष्ट होतं. पैशाची गरज असलेले किती, प्रमाणपत्र हवं असलेले किती, विषयाच्या ओढीने आलेले किती, एवढी ढोबळ विभागणी पुढच्या टप्प्याला पुरे.

## टप्पा 4: पैसे द्यायचे की नाही?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा रेंगाळतो.

नेहमीची समजूत अशी की फुकटापेक्षा थोडेतरी पैसे बरे. ती चूक आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इस्रायलमधली शाळकरी मुलं दारोदार जाऊन समाजकार्यासाठी निधी गोळा करत होती. मुलांचे तीन गट केले. एकाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या 1 टक्का मोबदला कबूल केला, तिसऱ्याला 10 टक्के; आणि हा मोबदला निधीतून कापला जाणार नव्हता. सगळ्यात जास्त निधी फुकट काम करणाऱ्यांनी आणला. 10 टक्केवाले त्यांच्या मागे, आणि 1 टक्कावाले सगळ्यात मागे.

त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बुद्धिमापनाचे 50 प्रश्न सोडवायला दिले. काहीच न मिळणाऱ्यांची सरासरी 28 च्या वर गेली. प्रत्येक बरोबर उत्तराला 10 आगोरोत, म्हणजे शेकेल या इस्रायली चलनाचा दहावा भाग, मिळणाऱ्यांची 23 च्या आसपास आली. एक शेकेल दिला तेव्हा ती 34 च्या वर पोचली. तीन शेकेल दिले तरी तिथेच राहिली.

यातून आपल्यासाठी निघणारा नियम: नीट द्या, नाहीतर मुळीच देऊ नका. पानामागे दोन रुपये हा मधला दर सगळ्यात वाईट. शिक्षिकाबाईंना तो अपमान वाटतो ("माझ्या तासाचे बारा रुपये?") आणि पैशाची गरज असलेल्याला तो परवडत नाही.

मराठीत आणखी एक पेच आहे, "मानधन" या शब्दाचा. शब्दात मानही आहे आणि धनही, आणि आपण बहुतेक वेळा तो दोन्ही टाळायला वापरतो. एका संस्थेसाठी काम करताना आम्ही पत्रकात "योग्य मानधन दिले जाईल" असं छापलं होतं. मजकूर मीच लिहिला होता. महिन्याअखेर प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा निघाला आणि सगळेच दुखावले. तेव्हापासून मी आकडा लिहिता येत नसेल तर तो शब्दच लिहीत नाही.

पैसा एकदा आणला की परत नेणं अवघड, हेही ध्यानात असू द्या. इस्रायलच्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा याच दोघांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दंड म्हणजे जादा वेळेचं भाडं, असा हिशेब पालकांनी करून टाकला. नंतर दंड काढून घेतला, पण उशीर पहिल्या पातळीवर आला नाही. तसंच, फुकट चाललेल्या कामात तीन महिने पैसे देऊन निधी संपला म्हणून थांबलात, तर काम आधीच्या पातळीवर आपोआप परत जाईल असं गृहीत धरू नका.

मग निवड कशी करायची?

पैसे द्या, जर काम कंटाळवाणं आहे, त्याची मुदत ठरलेली आहे, त्यातून पुढे कोणीतरी कमावणार आहे, किंवा येणाऱ्यांत पैशाची गरज असलेले बरेच आहेत. यातल्या तिसऱ्या अटीवर मी अडून बसतो. आवाजाची, भाषेची माहिती पुढे कंपन्यांना विकली जाणार असेल तर "मराठीची सेवा" म्हणून ती फुकट गोळा करणं मला पटत नाही. बंगळुरूची कार्या ही संस्था भारतीय भाषांतला आवाज आणि मजकूर लोकांकडून मोबदला देऊन गोळा करते. तासाला सुमारे 5 डॉलरच्या घरात दर ठेवते आणि माहिती पुन्हा विकली गेली तर मूळ काम करणाऱ्यालाही वाटा देते. मराठीतलं असं काम गावात आणि शहरी वस्तीत, साध्या स्मार्टफोनवर, कमी उत्पन्नाच्या लोकांकडून करून घेतलेलं आहे. गरीब माणूस काम नीट करणार नाही, ही शंका मनातून काढून टाका.

पैसे देऊ नका, जर काम रंजक आहे, फळ सगळ्यांना खुलं राहणार आहे आणि लोक ओढीने येताहेत. पण तेव्हा खर्चही त्यांच्या माथी मारू नका. इंटरनेटचा पॅक, प्रवास, बैठकीच्या दिवशीचं जेवण हे मोबदल्यात धरायचं नाही. 2018 मध्ये भारतीय भाषांतल्या विकिपीडियांसाठी झालेल्या प्रोजेक्ट टायगरमध्ये लेखन स्पर्धेच्या जोडीला, आधीपासून काम करणाऱ्या संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च देण्यात आला. करणाऱ्याच्या वाटेतला अडथळा काढणं हा तिसरा मार्ग आहे, आणि तो फार थोड्यांना सुचतो.

दोन्ही प्रकारची माणसं असतील तर दारं दोन ठेवा. एकाच पानाला एकाला पंधरा रुपये आणि दुसऱ्याला टाळ्या, हे एका गटात चालत नाही. आमच्या उदाहरणात पहिली दुरुस्ती मोबदल्यावर आणि अंतिम तपासणी स्वयंसेवकांकडे ठेवता येईल, मात्र तपासणारे खरोखरच स्वखुशीने पुढे आले असतील तरच. टप्पा 2 मधला इशारा विसरू नका. काम वेगळं, नाव वेगळं, व्हॉट्सॲप गटही वेगळा.

थांबा, तपासा: "पैसे का देतो" किंवा "पैसे का देत नाही" हे दोन वाक्यांत, न ओशाळता, जमलेल्या लोकांसमोर सांगता येतं का? येत नसेल तर निर्णय अजून झालेला नाही.

## टप्पा 5: दर काढा (पैसे देणार असाल तर)

हिशेब तासावरून तुकड्याकडे करायचा, उलट नाही.

टप्पा 1 मध्ये नवख्या माणसाला पानाला 10 मिनिटं लागली असं धरू. म्हणजे तासाला 6 पानं. तासाचे 90 रुपये द्यायचे ठरवले तर पानाचे 15. दुसऱ्या नजरेची तपासणी निम्म्या वेळात होते, तिचे साडेसात. 3,000 पानांचे 45,000 अधिक 22,500, म्हणजे 67,500. त्यावर उत्तर माहीत असलेल्या पानांचे पैसे (ती पानंही करणाऱ्याने केलेलीच असतात), परत करून घ्याव्या लागणाऱ्या पानांसाठी दहा टक्के आणि शिकण्याच्या पहिल्या तासाचे पैसे धरा. 80,000 च्या खाली आकडा सांगणारा माणूस काहीतरी विसरलाय.

तासाचा आकडा कुठून आणायचा? तुमच्या तालुक्यात दिवसभराच्या साध्या कामाला काय मिळतं, ते चार जणांना विचारा. त्याच्या खाली जायचं नाही.

मग दर दुप्पट केला तर काम दुप्पट चांगलं होईल का? नाही. विंटर मेसन आणि डंकन वॉट्स यांनी 2009 मध्ये ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर, म्हणजे छोटी कामं पैसे देऊन लोकांकडून करून घ्यायच्या संकेतस्थळावर, चित्रं क्रमाने लावायला आणि शब्द शोधायला देऊन हेच तपासलं. जास्त दराने लोकांनी जास्त काम केलं. कामाचा दर्जा मात्र तोच राहिला. शिवाय ज्याला जास्त मिळालं त्याला आपलं काम त्याहून थोडं अधिक मोलाचं वाटलं. दर काहीही ठेवा, माणसाला तो जरासा कमीच वाटणार. म्हणून पैसा वापरायचा तो काम पुरेसं आणि वेळेत होण्यासाठी. दर्जासाठी टप्पा 1 आणि 2.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. शब्दकोड्याच्या कामात प्रत्येक शब्दामागे पैसे देण्यापेक्षा पूर्ण कोड्यामागे दिले तेव्हा लोकांनी कमी पैशात जास्त शब्द शोधले. आमच्याकडे याचा अर्थ असा की पानाऐवजी लेख हे मोबदल्याचं एकक ठेवून बघा. सात पानांची गोष्ट हाती आली की शेवट काय होतो म्हणून तरी माणूस सातवं पान करतो.

नेहमीची चूक: "पहिल्या तीन क्रमांकांना 5,000, 3,000, 2,000." चौथ्या दिवशी चौथ्या क्रमांकाच्या माणसाला कळतं की आपल्याला काहीच मिळणार नाही. तो जातो, पाचवा जातो, आणि शेवटी तीनच जण उरतात. त्या तिघांनाही मागे कोणी नसल्यामुळे घाई राहत नाही.

## टप्पा 6: मान कसा द्यायचा

पैसे दिलेत तरी हा टप्पा लागतो. दिले नाहीत तर सगळी मदार यावरच.

आपल्याकडची सवय म्हणजे समारोपाला शाल-श्रीफळ. दोष शालीचा नाही, वेळेचा आहे. जो गेलाच आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. मान लवकर, नेमका आणि काम समजणाऱ्या माणसाकडून यायला हवा.

लवकर म्हणजे किती? जर्मन विकिपीडियावर याना गॅलस यांनी सुमारे 4,000 नवख्या संपादकांवर प्रयोग केला. काहींना, सोडत काढून, एक छोटं प्रतीकात्मक पदक दिलं. पैशाच्या दृष्टीने किंमत शून्य. पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण पदक मिळालेल्यांत 20 टक्क्यांनी जास्त निघालं. मुरलेल्यांचंही तसंच. 2012 मध्ये रेस्टिव्हो आणि व्हान डे राइट यांनी इंग्रजी विकिपीडियाच्या सगळ्यात कामसू एक टक्का संपादकांतून काहींना यदृच्छेने "बार्नस्टार", म्हणजे विकिपीडियावरची कौतुकाची पदकं, दिले. पुढच्या 90 दिवसांत त्यांचं काम न मिळालेल्यांच्या तुलनेत 60 टक्क्यांनी जास्त भरलं.

म्हणून पहिल्या आठवड्यातच, पाचव्या-सहाव्या पानाला, नाव घेऊन आणि काम सांगून दोन ओळी लिहा. "खूप छान, असेच सहकार्य राहू द्या" हे मान देणं नव्हे. "तिसऱ्या पानावरचा तो अर्धवट श्लोक तुम्ही ताडून पाहिलात, बाकी कोणाच्या लक्षात आला नव्हता," हा मान. त्यासाठी तुम्हाला ते पान वाचावं लागतं. तोच मुद्दा आहे.

बिल्ले लावायचे असतील तर पायऱ्या पुष्कळ ठेवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरच्या 2013 च्या अभ्यासात दिसलं की बिल्ला जवळ आला की लोक ते काम जास्त करू लागतात आणि मिळाला की तो जोर ओसरतो. 100 पानांचा एकच बिल्ला ठेवलात तर 101 वं पान तुम्हालाच करायचंय. आणि बिल्ला फक्त तपासून पास झालेल्या पानांवरच.

क्रमवारीची पाटी ही दुधारी वस्तू आहे. मूव्हीलेन्स या चित्रपटांना गुण देण्याच्या ठिकाणी, मधल्या माणसाच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात हे लोकांना कळवलं. मागे असलेल्यांची गुण देण्याची संख्या 530 टक्क्यांनी वाढली. पुढे असलेल्यांची 62 टक्क्यांनी घटली. "आपण पुष्कळ केलं की" म्हणून ते थंडावले. तेव्हा मागच्याला सरासरी दाखवा, पुढच्याला दाखवू नका; त्याला त्याच्या पानांचं पुढे काय झालं ते दाखवा. आणि पाटी दर सोमवारी कोरी करा, म्हणजे उशिरा आलेल्यालाही एक आठवडा पहिला येता येईल.

व्यक्तीऐवजी गटाला मान देणं आपल्या मातीत अधिक रुजतं, असं माझं मत आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 2016 मध्ये पहिलं बक्षीस 50 लाखांचं होतं आणि ते सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळालं. गावाला, कोणा एकाला नाही. श्रमदानाला गेलेल्याच्या खिशात रुपया येणार नव्हता. पण शेजारचं गाव पुढे जातंय हे रोज दिसत होतं आणि आज कोण आलं नाही हेही गावात लपत नव्हतं. आपल्या उदाहरणात शाळा, गल्ली, वाचक मंडळ किंवा परदेशातलं महाराष्ट्र मंडळ असे गट करता येतील. फक्त गटातल्या गटात टोमणे सुरू झाले की हस्तक्षेप करा. लाजेने आलेला माणूस महिनाभर येतो आणि मग कायमचा तुटतो.

शेवटचं, वाचक दिसू द्या. ऑक्टोबर 2005 मध्ये चीनमध्ये चिनी विकिपीडिया बंद पाडला गेला. चीनबाहेरचे संपादक पूर्वीसारखंच लिहू शकत होते. तरी त्यांचं लेखन सरासरी 42.8 टक्क्यांनी कमी झालं. वाचणारंच कोणी उरलं नाही तर कोण लिहील? दुरुस्त झालेली पानं 3,000 पूर्ण होईपर्यंत कपाटात ठेवू नका. पहिला अंक तयार झाला की त्याच आठवड्यात लोकांपुढे ठेवा आणि कोणीतरी तो वाचून काय म्हणालं ते करणाऱ्याला कळवा.

## टप्पा 7: बोलावणं

आता पोस्टर. त्यात चार गोष्टी हव्यात: काम काय, किती मिनिटांचं, मिळेल काय (किंवा "पैसे नाहीत" हे स्पष्ट), आणि फळ कोणाचं राहणार. श्रेयनामावली आणि हक्क यांबद्दल आत्ताच लिहा.

माणूस आणणाऱ्याला काही द्यावं का? 5 डिसेंबर 2009 रोजी अमेरिकेतल्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने देशभर दहा लाल फुगे टांगून ते शोधणाऱ्याला 40,000 डॉलर लावले होते. एमआयटीच्या गटाने फुगा शोधणाऱ्याला 2,000, त्याला ज्याने आणलं त्याला 1,000, त्याच्या वरच्याला 500 अशी उतरती साखळी लावली आणि नऊ तासांच्या आत दहाही फुगे शोधले. पण दुसरा क्रमांक जॉर्जिया टेकचा होता. त्यांनी बक्षीस रेड क्रॉसला देऊ असं सांगितलं होतं आणि नऊ फुगे शोधले. एका दिवसाच्या कामाला साखळी बक्षीस जोरात चालतं. महिनोनमहिन्यांच्या कामाला मी ते लावणार नाही. आपल्याकडे साखळी म्हटलं की लोकांना लगेच बुडीत योजना आठवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

इशारा: एकदम सगळ्यांना बोलावू नका. पहिले पंधरा जण आणि दोन आठवडे, बस. दर किंवा नियम बदलायचा असेल तर तो याच काळात, आणि बदललात तर आधीच्या पंधरांनाही मागच्या तारखेपासून लागू करा.

## टप्पा 8: काम चालू असताना

पैसे दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, यूपीआयने. महिन्याअखेरच्या 600 रुपयांपेक्षा शुक्रवारचे 150 अधिक विश्वास कमावतात. एक शुक्रवार चुकला तर गुरुवारीच कळवा.

पान नाकारलं तर कारण लिहा आणि एकदा दुरुस्तीची संधी द्या. माहीत असलेल्या पानात कोणी सारखं चुकत असेल तर पैसे कापण्याआधी फोन करा. कित्येकदा निघतं ते एवढंच की त्यांच्या मोबाइलवर जोडाक्षरं फुटून दिसत होती.

रोज बघायचे आकडे तीनच: आज किती वेगवेगळी माणसं आली, किती पानं तपासणीत पास झाली, किती पानं तपासणीविना पडून आहेत. नोंदणीचा एकूण आकडा बघू नका. तो कधीच खाली येत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

आणि ही यादी भिंतीवर लावा:

- माणसं गळताहेत आणि पास होणारी पानं चांगली आहेत: मान आणि वेळ बघा (टप्पा 6).
- माणसं टिकलीत, पानं वाईट आहेत: सूचना आणि तपासणी बघा (टप्पा 1 व 2). दराला हात लावू नका.
- माणसं आणि पानं दोन्ही चांगली, पण वेग कमी: आता दर वाढवायचा विचार करा.
- अचानक एकाची रोज दोनशे पानं येताहेत: आनंद नंतर, आधी त्यातली दहा उघडून बघा.

## टप्पा 9: बंद करताना

शेवटच्या पानाच्या दोन आठवडे आधी कळवा. उरलेले पैसे अगदी सात रुपये असले तरी पाठवा. श्रेयनामावलीत नाव कसं छापायचं ते प्रत्येकाला विचारून घ्या. कोणाला माहेरचं आडनाव हवं असतं, कोणाला नावच नको असतं. प्रमाणपत्रावर "सहभाग घेतला" न लिहिता पास झालेल्या पानांचा आकडा आणि मासिकाची वर्षं लिहा; नोकरीच्या अर्जाला जोडताना मुलांना त्याचा उपयोग होतो. आणि तयार झालेल्या अंकांचा दुवा आधी त्यांना पाठवा, वर्तमानपत्रांना दुसऱ्या दिवशी.